खरवडलेले थेंब

आमच्या दुकानातून कुठलंही यंत्र आंघोळ केल्याशिवाय घरी जात नाही. हा नियम सासऱ्यांचा. मिक्सर असो, इस्त्री असो की पंखा. दुरुस्त झाला की आधी कोरडं फडकं, मग ओलं, मग थिनर, आणि फटींतला मळ काढायला काडीला गुंडाळलेला कापूस. गिऱ्हाइकाला आपली वस्तू क्षणभर ओळखू येऊ नये, असं ते म्हणायचे. सासरे गेले तेव्हा दुरुस्ती ह्यांच्याकडे आली आणि आंघोळ माझ्याकडे. लोक येतात ते ह्यांच्या हातामुळे, हे मला मान्य आहे. पण परत येतात ते माझ्यामुळे, हे मी ह्यांना अठ्ठावीस वर्षं ऐकवते आहे. हे ऐकून घेतात. आमच्या ह्यांच्यापेक्षा दुकानात बंद पडून आलेले रेडिओ जास्त बोलतात.

माझं तसं नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, आणि कुठे घाण दिसली की तो थेट हातात उतरतो. गिऱ्हाइकाच्या वस्तूवरून मी त्याचं घर ओळखते, अशी माझी समजूत होती. इस्त्रीला कापड चिकटून जळलेलं असलं की त्या घरात कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. मिक्सरच्या बुडाशी चिखल साठलेला असला की त्या घरातल्या बाईला कामाचा कंटाळा. ह्या समजुतीचा मला अभिमानही होता. आता सांगताना लाज वाटते.

तो ओव्हन बुधवारी आला. आमच्या मागच्या गल्लीतल्या शिंप्याने हातगाडीवरून आणला. "आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींचा आहे," तो म्हणाला. "दोन महिन्यांमागे आत सगळं जळून जिनाभर धूर झाला होता. तेव्हापासून बंद आहे. रविवारी त्यांची लेक यायची आहे, त्याच्या आत मिळाला पाहिजे." एवढं सांगून तो गेला. शिंप्याला जे सांगायला हवं होतं ते त्याने सांगितलंच नाही. तो तिथे रोज राहतो, त्याला ते आता वेगळं वाटत नसेल.

ह्यांनी ओव्हन उघडला. थर्मोस्टॅट गेला होता. म्हणजे ओव्हन किती तापवायचा ते जो भाग ठरवतो तोच बिघडला होता, आणि ओव्हन वाट्टेल तसा तापत होता. ह्यांनी नवा मागवून बसवला. शुक्रवारी सकाळी ओव्हन माझ्याकडे आंघोळीला आला.

आता खरं सांगायचं तर तो ओव्हन आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी वस्तूंपेक्षा स्वच्छ होता. आतून लखलखीत, काच निर्मळ, जाळीच्या कोपऱ्यातसुद्धा काळं नाही. फक्त पुढच्या पत्र्यावर, तो फिरवायचा नॉब असतो त्याच्या भोवती, सहासात तपकिरी थेंब वाळून बसले होते. कुठे एक, कुठे दोन शेजारी शेजारी, कुठे तीन, आणि शेवटी एक मोठा. मला ते वाळलेल्या पिठासारखे दिसले. "बघा," मी ह्यांना म्हटलं, "सगळा ओव्हन चकचकीत आणि नेमकं हात लावायच्या जागी लडबडलेलं. नवरी नटवली आणि नाक पुसायचं राहिलं." ह्यांचं डोकं एका पंख्यात होतं. "हं," एवढंच आलं.

नखाने ते निघेनात. थिनर लावला, थांबले, मग ब्लेड घेतलं. एकेक थेंब असा टणक की मलाच इरेला पेटल्यासारखं झालं. पीठ एवढं चिवट नसतं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. शेवटच्या थेंबाला ब्लेड निसटलं आणि नॉबच्या बरोबर वर, जिथे 'बंद' लिहिलेलं असतं तिथे, नखाएवढा ओरखडा उठला. रंग जाऊन पत्रा दिसायला लागला. मी घासून पाहिलं, जरासं मेण लावलं. एवढ्या बारकाईने कोण बघतंय, असं म्हणून मी ओव्हन गुंडाळून ठेवला.

दुपारी आम्ही दोघं तो पोचवायला गेलो. तिसरा मजला. ह्यांनी ओव्हन उचलला होता, मी मागून जीव मुठीत धरून चढत होते. वर पोचलो, आणि मी दार वाजवायच्या आत ते उघडलं.

साठीच्या बाई होत्या. बारीक, ताठ, केस घट्ट बांधलेले. "दोघं आहात," त्या म्हणाल्या. "ओव्हन यांनी उचललाय, दम लागलाय त्यांना. या, डावीकडून या, उजवीकडे खुंटीला पिशव्या आहेत." त्या आमच्याशीच बोलत होत्या, फक्त बघत होत्या ते आमच्या दोघांच्या डोक्यांमधल्या मोकळ्या जागेत.

मला कळलं, ह्यांना दिसत नाही. अजून थेंबांचं कळलं नव्हतं. नुसतंच वाटलं की काहीतरी झालं आहे आपल्या हातून.

स्वयंपाकघराची खिडकी बंद होती, आत अंधूक होतं. मी भिंतीवरचं बटण दाबलं, काही झालं नाही. "दिवा गेला असेल," मावशी म्हणाल्या. "कधी गेला, देव जाणे. मला कोण सांगणार?" आणि हसल्या. डोळे सरावल्यावर मी ती खोली पाहिली. जमिनीवर एक वस्तू नाही. फळीवर डबे ओळीत, आणि डब्यांना रबरबँड. एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. हात पुसायच्या पंच्याच्या कोपऱ्याला मोठं बटण शिवलेलं आणि भांडी पुसायच्या पंच्याला दोन लहान. माझ्या घरात दोन्ही डोळे शाबूत असून मला कात्री सापडत नाही.

ह्यांनी ओव्हन ओट्यावर ठेवला. मावशींनी त्याच्या डोक्यावर तळहात ठेवला, तसाच बाजूने खाली आणला, काचेवरून फिरवला. "किती गुळगुळीत केलात," त्या म्हणाल्या. मग त्यांचं बोट नॉबपाशी गेलं. नॉबभोवती एकदा फिरलं. पुन्हा एकदा फिरलं, हळू. तिसऱ्यांदा फिरलं आणि थांबलं.

"माझे थेंब कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

आमच्या दुकानाचा दुसरा एक नियम आहे, तोही सासऱ्यांचाच. ज्याच्या हातून मोडलं त्याने सांगायचं, गिऱ्हाइकाच्या तोंडावर, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा विचारायच्या आत. सासऱ्यांनी एकदा कुणाच्या घड्याळाची काच फोडली तेव्हा जेवण टाकून ते सांगायला गेले होते. मला हा नियम पाठ होता, कारण आजवर तो ह्यांच्यावरच लागू व्हायचा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडे बघत उभे राहिले. माझ्या जिभेवर तीन सबबी आल्या होत्या. खोलताना निघाले असतील. जुनेच होते, आपोआप गळाले असतील. आले तेव्हा नव्हतेच. समोरच्या बाईला तिन्ही खोट्या पाडता आल्या नसत्या. आणि नेमकं त्यामुळेच एकही बोलता येईना.

"मी खरवडले," मी म्हटलं. "ब्लेडने. मला ती घाण वाटली."

मावशींनी हात मागे नेऊन, न चाचपडता, स्टूल ओढलं आणि बसल्या. "घाण नव्हती," त्या म्हणाल्या. "नेलपॉलिश होतं."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी येतं. त्यांची नजर तिशीनंतर जायला लागली. आधी रात्रीचं, मग कडेचं, मग मधलं. थोडं थोडं दिसत होतं तेव्हाच त्यांनी घरभर खुणा करून ठेवल्या. ओव्हनवर एक थेंब टोस्टचा, दोन बिस्किटांचे, तीन ब्रेडचे. मोठा थेंब म्हणजे पूर्ण, तिथे जायचं नाही. दोन महिन्यांमागे ओव्हन बिघडला, आतला ब्रेड कोळसा झाला, धूर झाला, शेजाऱ्यांनी लेकीला फोन केला. लेक म्हणाली, पुरे झालं, आता माझ्याकडे राहायला ये. बरीच वादावादी होऊन शेवटी एवढं ठरलं: रविवारी लेक येणार, आईने तिच्यासमोर, कुणाचीही मदत न घेता, एक ब्रेड भाजून दाखवायचा. जमलं तर लेक पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर मावशी सामान बांधणार.

"तिचं घर मोठं आहे," मावशी म्हणाल्या. "ती जिवापाड करेल माझं. खुर्चीत बसवेल आणि दर तासाला विचारेल, आई, चहा हवा का? इथे मी चहा करते. तिथे मला चहा हवा असेल."

मी म्हटलं, "मावशी, आत्ता लावून देते मी थेंब. आकडे छापलेले आहेत. कुठला कितीवर होता ते तेवढं सांगा."

"आकडे मला कुठे ठाऊक?" त्या म्हणाल्या. "हा ओव्हन पहिल्यापासून खोटं बोलायचा. दोनशे दाखवायचा आणि वेगळंच तापायचा. मी भाजून, करपवून, थेंब इकडचे तिकडे करत करत दोन वर्षांनी जागा ठरवल्या. तेव्हा दिसत होतं थोडं."

इतक्या वेळाने हे बोलले. "मावशी, थर्मोस्टॅट नवा आहे. त्या जुन्या जागा आता चालल्या नसत्या. थेंब असते तरी चुकीचं सांगितलं असतं त्यांनी. तीन थेंबांवर ब्रेड कच्चा निघाला असता, नाहीतर करपला असता. हे तुम्हाला सांगायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं."

मी लगेच ते धरलं. "म्हणजे बरंच झालं की खरवडले ते!"

हे माझ्याकडे वळले. "बरं झालं," ते म्हणाले. "पण तू बरं व्हावं म्हणून खरवडले नव्हतेस."

अठ्ठावीस वर्षांत ह्यांनी माझा एवढा नेमका अपमान केला नव्हता. मावशी मात्र हसल्या. "उद्या सकाळी या दोघं," त्या म्हणाल्या. "पुन्हा शोधू जागा. मी शोधेन. तुम्ही पीठ आणा."

शनिवारी आम्ही दुकान बंद ठेवलं. हे तारेचा थर्मामीटर घेऊन आले, ज्याची तार ओव्हनमध्ये सोडली की बाहेर आकडा दिसतो. मी पीठ, साखर, लोणी, लाल नेलपॉलिशची बाटली आणि एक नवा बल्ब आणला. बल्ब लावायला स्टूल सरकवलं आणि काम झाल्यावर माझ्या अंदाजाने होतं तिथे ठेवलं. मावशी आत आल्या, दाराशी थांबल्या. "स्टूल हातभर डावीकडे गेलंय," त्या म्हणाल्या. "जागेवर ठेव, बाई. इथे वस्तू हलली की मी आंधळी होते."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या पावलांचा आवाज त्याच्यावर आपटून येतो, तो वेगळा आला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे तार सोडवत होते, त्यांचेही हात थांबले होते.

ओव्हन तापत ठेवला. हे म्हणाले, "ब्रेडला दोनशे वीस लागतं, मी लावतो." "थांबा," मावशी म्हणाल्या, "मीटर तुमच्याकडेच ठेवा, मला आकडा सांगू नका." त्यांनी दार उघडलं, उजवा हात कोपरापर्यंत उघडा करून आतल्या हवेत धरला, कशालाही न लावता, आणि चटका सोसेनासा होईपर्यंत संथपणे मोजायला लागल्या. आठला हात बाहेर आला. "कमी आहे. ब्रेडला सहाला हात निघाला पाहिजे." त्यांनी नॉब केसभर फिरवला. थांबलो. पुन्हा हात. सात. पुन्हा केसभर. पुन्हा थांबलो. सहा. "हा ब्रेडचा," त्या म्हणाल्या.

ह्यांनी मीटर माझ्यापुढे धरला. दोनशे वीस.

माझा स्वभाव वाईट. मला वाटलं, नशिबाने लागलं असेल. मी ह्यांना खुणेने नॉब पार मागे फिरवायला लावला. मावशींनी ते ऐकलं असणारच, पण काही बोलल्या नाहीत. पुन्हा पहिल्यापासून हात, मोजणं, केसभर फिरवणं. सहा. मीटरवर दोनशे बावीस. तिसऱ्यांदा दोनशे एकोणीस. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "एवढी खात्री तर ह्या मीटरचीसुद्धा कुणी लिहून देत नाही," ते म्हणाले. ह्यांच्या तोंडून एखाद्या माणसाची स्तुती मी पहिल्यांदाच ऐकत होते. पंख्यांची ऐकली होती.

मी थक्क झाले, असं म्हणून मोकळं होता येईल. पण खरं तर मला भीती वाटली. फार उंच जागी उभं राहून खाली पाहिलं की वाटते तशी. ह्या बाईला ओव्हन कळत होता. आच वाढतेय की उतरतेय ते तिला कॉइलच्या गुणगुणण्यातून कळत होतं, पीठ फुगलं की नाही ते वासावरून, ब्रेड झाला की नाही ते त्याच्या बुडाला टिचकी मारून. मी जन्मभर यंत्रं पुसली. एकाही यंत्राला मी असा हात लावला नव्हता.

दुपारपर्यंत तिन्ही जागा सापडल्या. मी लाल नेलपॉलिशची बाटली उघडली आणि म्हटलं, "सांगा, मी लावते. माझा हात स्थिर आहे."

"तू लावलेला थेंब तुझा होईल," त्या म्हणाल्या. "माझ्या बोटाला तो परका वाटेल. दे इकडे." डाव्या हाताचं नख त्यांनी नॉबच्या टोकाला कुंपणासारखं लावलं, उजव्या हाताने काडी बाटलीत बुडवून त्या नखाशी नेली आणि टेकवली. एक. वाळेपर्यंत थांबल्या, शेजारी दुसरा. मी श्वास रोखून उभी होते. एकही थेंब ओघळला नाही.

मग त्यांचं बोट वर गेलं आणि थबकलं. "हे काय आहे?"

ओरखडा. मी विसरले होते असं नाही. कुणी बघणार नाही अशा आशेवर होते. पण आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? "तेही माझंच," मी म्हटलं. "ब्लेड निसटलं. नवीन पत्रा बसवून देऊ. आठ दिवस लागतील."

त्या ओरखड्यावरून बोट फिरवत राहिल्या. आतबाहेर, आतबाहेर. "खोल गेलाय," त्या म्हणाल्या. "राहू दे. थेंब कधीतरी झिजतील, हा झिजायचा नाही. इथे बंद आहे ना? मग इथून मोजत जाईन." आणि लगेच, "उद्या तू ये. नुसती बस. तोंड उघडायचं नाही."

रविवारी चारच्या सुमाराला लेक आली. उंच, नीटनेटकी, छत्तीस-सदतीसची. मला ती पहिल्या पाच मिनिटांत नावडली. मी बाजूने पाण्याचा पेला पुढे केला, तिने घेतला नाही, बघितलंसुद्धा नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. शेवटी मी तो तिच्या समोर टेबलावर आपटला, तेव्हा दचकून "थँक्यू" म्हणाली. मग उघड्या खिडकीच्या लख्ख उजेडात म्हणाली, "आई, दिवा लाव ना, किती अंधार आहे." आई दिव्याशिवाय घर चालवते आणि हिला भर दुपारी दिवा हवा. मी बसायला स्टूल घेतलं होतं, ते मी उठले तेव्हा वाटेत राहिलं. ती सरळ चालत आली आणि गुडघा त्याच्यावर धाडकन आपटला. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच ते तिथे ठेवलं. ठेवलं होतं मीच, तो भाग वेगळा. मी स्टूल मुकाट्याने जागेवर नेलं.

मावशी टेबलाशी पीठ मळत होत्या. गुडघा आपटल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांचे हात थांबले. "लागलं का?" त्यांनी विचारलं. "नाही गं," लेक म्हणाली. मावशींनी पुन्हा मळायला घेतलं, जरा हळू.

भांड्यात घातलेलं पीठ फुगल्यावर ओव्हन तापायला लावून, तीन थेंबांवर नॉब ठेवून, मावशी हात धुवायला मागच्या गॅलरीत गेल्या. लेक ओव्हनपाशी गेली. चेहरा पत्र्याच्या अगदी जवळ नेऊन तिने ते लाल थेंब पाहिले. मग नॉब धरला आणि शेवटपर्यंत फिरवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटची पोर आईला पाडायला बघत होती, तेही तिच्या पाठीमागे. शब्द ओठांवर होते आणि चांगले निवडक होते. पण मी कबूल केलं होतं. मी मूग गिळून बसले; हे वाचणाऱ्यांपैकी जे मला ओळखतात त्यांचा विश्वास बसणार नाही.

मावशी पंच्याला हात पुसत आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. डोकं जरासं कललं. कुणाला काही विचारलं नाही. ओव्हनपाशी जाऊन काचेपुढे हात धरला, नॉबला बोट लावलं, तो कुठे आहे ते पाहिलं, आणि 'बंद'वर आणला. दार उघडून बाजूला उभ्या राहिल्या. खोलीभर ऊब पसरली. हात आत धरला. चार. थांबल्या. पाच. मग ओरखड्यापासून निघाल्या. एक, पुढे दोन, पुढे तीन. नॉब तिथे ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा हात. सहा. ब्रेडचं भांडं उचलून आत सरकवलं आणि दार लावलं. सगळ्या स्वयंपाकघरात एक थेंब सांडला नाही, एक भांडं वाजलं नाही.

मी लेकीकडे रागाने वळले. तिचे डोळे मिटलेले होते. आईकडे बघायचीसुद्धा लाज वाटते वाटतं, असं मी मनात म्हटलं. तिसऱ्यांदा चुकले मी. तीन दिवसांत तिसऱ्यांदा.

अर्ध्या तासाने ब्रेड झाला. मावशींनी तो काढला, उलटा केला, बुडाला टिचकी मारली. पोकळ, कोरडा आवाज आला. सोनेरी झाला होता, सगळीकडून सारखा. मी रडत होते हे मला नंतर कळलं.

"आई," लेक म्हणाली, "पहिला थेंब तू कितव्या वर्षी लावलास?"

मावशींनी ब्रेड खाली ठेवला. "छत्तिसाव्या."

"मला सदतिसावं चालू आहे."

मावशी तिच्याकडे वळल्या. "रात्रीचं?" त्यांनी विचारलं.

"रात्रीचं तीन वर्षांपासून. आता दिवसासुद्धा. कडेचं दिसत नाही." लेकीचा आवाज अगदी साधा होता. "डॉक्टर म्हणाले, तुझंच आहे. तुझ्याकडून आलंय."

"स्टुलावर आपटलीस तेव्हा कळलं मला," मावशी म्हणाल्या. "मी पण आधी स्टुलांवरच आपटायचे."

मला तो पाण्याचा पेला आठवला. मी तो बाजूने धरला होता, दोनदा. तिला तो दिसलाच नव्हता. मी उठून जायला हवं होतं, पण बसून राहिले.

"तुला न्यायला नव्हते आले मी," लेक म्हणाली. "म्हणजे, तसं म्हणाले होते. पण मला बघायचं होतं. नॉब मी फिरवला, आई. मुद्दाम फिरवला. असं झालं तर काय करायचं, ते कुणी करू शकतं का, ते मला बघायचं होतं. आणि मग डोळे मिटून ऐकत राहिले. मला काहीच कळलं नाही. तू काय केलंस ते मला एवढंसुद्धा कळलं नाही."

"कळेल," मावशी म्हणाल्या. "अजून वेळ आहे. मला कुणी शिकवायला नव्हतं, तरी कळलं."

त्यांनी लेकीचा हात शोधला नाही. तो कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. मनगट धरून तिला ओव्हनसमोर आणलं. "मीट डोळे," त्या म्हणाल्या. लेकीने मिटले. मावशींनी तिचं पहिलं बोट सरळ केलं आणि माझ्या ओरखड्यावर ठेवलं.

"हे लागतंय?"

"हो. खोल आहे."

"इथे बंद," मावशी म्हणाल्या. "इथून मोजायला लागायचं."